‘मादोका मागिका’ : वर, शाप आणि चोख हिशेब

जपानी अ‍ॅनिमेशनमधील ‘जादूकन्या’ या लोकप्रिय कथाप्रकाराचे नाव घेताच गुलाबी पोशाख, चमचमती कांडी आणि बोलका प्राणी डोळ्यांसमोर येतो. हे सारे साहित्य घेऊन त्यातून एक शोकांतिका उभी करणारी मालिका म्हणजे ‘माहो शोजो मादोका मागिका’. शाफ्ट या स्टुडिओने निर्मिलेली ही अवघ्या १२ भागांची मालिका जानेवारी ते एप्रिल २०११ या काळात जपानमध्ये रात्री उशिरा प्रक्षेपित झाली. दिग्दर्शनाची धुरा अकियुकी शिनबो यांनी सांभाळली. पटकथा गेन उरोबुची यांची, मूळ पात्ररेखाटन उमे आओकी यांचे, तर संगीत युकी काजिउरा यांचे. पंधराव्या जपान मीडिया आर्ट्‌स महोत्सवात अ‍ॅनिमेशन विभागाचा सर्वोच्च पुरस्कार तिने पटकावला.

तिचे चाहते तिला या प्रकारातील शिखर मानतात, तर टीकाकारांना ती थंड आणि निर्दय वाटते. दोन्ही मतांचे मूळ एकच आहे. मालिकेचे कथानक एखाद्या जमाखर्चाच्या वहीप्रमाणे चोख बांधलेले आहे. त्यातच तिचे बळ आहे आणि तिची उणीवही. (पुढील विवेचनात कथेचे रहस्य व शेवट उघड केला आहे.)

परंपरेची पार्श्वभूमी

जादूकन्यांची परंपरा १९६६ मध्ये तोएई कंपनीच्या ‘माहोत्सुकाई सॅली’पासून दूरचित्रवाणीवर सुरू झाली. १९९२ च्या ‘सेलर मून’ने तिला संघ करून लढणाऱ्या वीरांगनांचे रूप दिले, तर १९९८ च्या ‘कार्डकॅप्टर साकुरा’ने तिच्यात घरगुती जिव्हाळा आणला. या प्रकारात गांभीर्य प्रथम ‘मादोका’नेच आणले, असे म्हणणे मात्र इतिहासाला धरून होणार नाही. १९९७ ची ‘रिव्होल्यूशनरी गर्ल उतेना’ ही मालिका या संकेतांची उलटतपासणी करीतच होती. खुद्द शिनबो यांनी २००४ मध्ये ‘लिरिकल नानोहा’ या जादूकन्या मालिकेचे पहिले पर्व दिग्दर्शित केले होते. ‘मादोका’चे वेगळेपण असे की, आजवर कोणी न विचारलेला प्रश्न तिने विचारला. मुलींना शक्ती देणाऱ्या त्या गोंडस प्राण्याला या व्यवहारात काय मिळते?

कथेचा गाभा

मिताकिहारा या काल्पनिक शहरातील मादोका कानामे ही साधी शाळकरी मुलगी. क्यूबे नावाचा पांढरा प्राणी तिच्यापुढे करार ठेवतो. कोणताही एक वर माग आणि त्या बदल्यात जादूकन्या होऊन चेटकिणींशी लढ. तिची मैत्रीण सायाका हा करार स्वीकारते आणि व्हायोलिन वाजवणाऱ्या, पण हात निकामी झालेल्या मित्रासाठी आपला वर खर्च करते. मग एकेक कलम उघड होत जाते. करारासोबत मुलीचा आत्मा शरीरातून काढून एका मण्यात ठेवला जातो आणि तो मणी १०० मीटरपलीकडे गेला की देह निष्प्राण होतो. निराशेने मणी काळवंडला की जादूकन्या स्वतःच चेटकीण बनते. या रूपांतरात मुक्त होणारी ऊर्जा विश्वाचा ऱ्हास लांबवण्यासाठी गोळा करणे, हा क्यूबेच्या परग्रहवासी जमातीचा उद्योग आहे.

आपल्या पुराणकथांत शापामागोमाग उःशाप येतो. येथे वराच्या पोटातच शाप आहे आणि उःशापाची सोय कोणी केलेली नाही. ती शोधणे हाच मालिकेचा खरा विषय होय.

बलस्थाने

पहिले बळ रचनेचे. जाहिरातींत प्रमुख म्हणून मिरवलेली मामी तोमोए ही अनुभवी जादूकन्या तिसऱ्याच भागात मारली जाते आणि प्रेक्षकाच्या पायाखालची जमीन सरकते. त्याहून मोठी कामगिरी दहाव्या भागाची. तोवर तुटक आणि संशयास्पद वाटलेली होमुरा अकेमी मादोकाला वाचवण्यासाठी तोच एक महिना पुनःपुन्हा जगत आली आहे, हे येथे कळते. त्यासरशी आधीच्या नऊ भागांतील तिची प्रत्येक नजर, प्रत्येक तुसडे वाक्य नव्या अर्थाने उजळते. मादोकाचे मनोगत वाटणारे शीर्षकगीतही होमुराचेच असल्याची जाणीव होते. मालिका दुसऱ्यांदा पाहताना निराळी भासते, ती यामुळे.

दुसरे बळ दृश्यांचे. चेटकिणींचे चक्रव्यूह गेकिदान इनु करी या कलावंत जोडीने कात्रणे, कापड आणि लेस यांच्या कोलाजमधून साकारले. आओकी यांच्या गोलमटोल चेहऱ्यांच्या मुली या विद्रूप जगात शिरतात, तेव्हा दोन चित्रशैलींची टक्करच भय निर्माण करते. भिंतींवरील गूढ लिपीत गटेच्या ‘फाउस्ट’मधील ओळी दडलेल्या आहेत. आत्म्याच्या सौद्याची ती जर्मन कथा येथे आधाराला आहे, हे त्यावरून उमगते. काजिउरा यांचे लॅटिनसदृश शब्दांचे समूहगान या वातावरणाला धर्मविधीची गंभीर छाया देते.

तिसरे आणि सर्वांत दुर्मीळ बळ प्रतिनायकाचे. क्यूबे खोटे बोलत नाही. विचारले नाही म्हणून सांगितले नाही, एवढेच त्याचे म्हणणे. माणूस पाळीव जनावरांशी जसा वागतो, त्याहून आपण बरे वागतो, असा त्याचा युक्तिवाद अकराव्या भागात येतो आणि त्याला झटपट उत्तर सापडत नाही. बारीक अक्षरांतील अटी न वाचता सही करणाऱ्या कोणाही शहरी माणसाला हा विक्रेता ओळखीचा वाटेल.

उणिवा

या चोख हिशेबाची किंमत पात्रांना मोजावी लागते. नाव मादोकाचे असले, तरी अकरा भाग ती प्रामुख्याने साक्षीदार राहते. करार करू की नको, याच उंबरठ्यावर ती रडत उभी असते. सायाकाची घसरण हृदयद्रावक खरी, पण चार-पाच भागांत उरकलेली. क्योको साकुराचे पूर्वायुष्य एका पडक्या चर्चमध्ये सलग निवेदनातून सांगितले जाते. ‘दुसऱ्यासाठी जादू वापरू नये’ असे बजावणारी ही स्वार्थी मुलगी दोनच भागांनी सायाकासाठी प्राण देते. तिच्यातील हा बदल घडताना पुरेसा दिसत नाही.

दुसरी उणीव तर्काची. भावनांची ऊर्जा उष्मागतिकीच्या नियमाला अपवाद का ठरते, याचा खुलासा क्यूबेच्या व्याख्यानापलीकडे जात नाही. मानवी प्रगतीचे श्रेय या परग्रहवासीयांच्या कराराला देताना क्लिओपात्रा आणि जोन ऑफ आर्क यांच्या प्रतिमा झळकतात. इतिहासातील स्त्रियांचे कर्तृत्व असे उसने ठरवणे हा कल्पनेचा विस्तार नसून संकोच आहे.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मुळात लहान मुलींसाठी जन्मलेला हा प्रकार येथे रात्री उशिराच्या प्रौढ प्रेक्षकांसाठी वापरला जातो आणि इच्छा धरणाऱ्या प्रत्येक मुलीला शिक्षा होते. सायाकाने मनातल्या मनात कृतज्ञतेची अपेक्षा केली, एवढाच तिचा अपराध. या आक्षेपाला मालिका शेवटच्या भागात उत्तर देते. सर्व काळांतील चेटकिणी जन्मण्याआधीच आपल्या हातांनी नाहीशा करण्याचा वर मादोका मागते आणि या मुलींची आशा चूक नव्हती, असे ठामपणे सांगते. उःशाप अखेर मिळतो, पण तो देणारीचे अस्तित्व जगाच्या स्मृतीतून पुसले जाते. बाराव्या वेळी का होईना, हिशेबाबाहेरचे काही मालिकेत घडते. हे उत्तर पुरेसे आहे की उशिरा आले, यावर मत बदलते.

प्रक्षेपणालाही एक दुःखद किनार लाभली. ११ मार्च २०११ च्या भूकंप व त्सुनामीनंतर मालिका थांबली. ओसाका परिसरात दहावा भाग त्याच्या काही तास आधीच दाखवला गेला होता. शेवटचे दोन भाग २१ एप्रिलच्या रात्री एकत्र दाखवले गेले. महासंकटात उद्‌ध्वस्त होणारे शहर आणि निवारा केंद्रात बसलेली कुटुंबे पडद्यावर पाहताना जपानी प्रेक्षकांना काय वाटले असेल, याची कल्पना करता येते.

नंतरचा प्रवास

२०१२ मध्ये मालिकेचे दोन संकलित चित्रपट आले. २०१३ च्या ‘रिबेलियन’ने मात्र पूर्ण झालेला शेवट पुन्हा उघडला. होमुराच्या प्रेमाचा ताबा घेण्याच्या हट्टात झालेला बदल तेथे धाडसाने रंगवला आहे. तरीही मादोकाच्या त्यागाची धार त्यामुळे बोथट झाली, अशी तक्रार आजही ऐकू येते. ‘मादोका’च्या यशानंतर जादूकन्यांचा छळ मांडणाऱ्या मालिकांची रांग लागली. २०१८ ची ‘महौ शोजो साइट’ ही त्यातली टोकाची. तिच्यात यातना भरपूर आहेत, पण त्यांना अर्थ देणारा प्रश्न सापडत नाही.

नव्या प्रेक्षकाने किमान तीन भाग पाहूनच मत बनवावे. पहिले दोन भाग संथ आहेत आणि ते तसे मुद्दाम ठेवलेले आहेत. प्रक्षेपणातील घाईची अनेक दृश्ये पुढे ब्लू-रे आवृत्तीत सुधारली गेली असल्याने तीच आवृत्ती निवडणे श्रेयस्कर. मोठ्यांच्या सोबतीशिवाय लहान मुलांना मात्र ही मालिका दाखवू नये. मुखपृष्ठावरील गोड चेहरे पाहून घरी आणलेली ही मालिका आतून तशी नाही.