ड्रॅगनच्या राज्यात बंदूक

डॉन के हा गॅरी गायगॅक्सचा बालमित्र. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या लहानशा गावी १९७३ मध्ये दोघांनी मिळून टीएसआर ही कंपनी काढली आणि पुढच्याच वर्षी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ बाजारात आला. गायगॅक्स ज्या कल्पित जगात मित्रांना खेळवत असे त्याचे नाव ग्रेहॉक, आणि तिथे डॉनच्या पात्राचे नाव मर्लिंड. हा मर्लिंड काउबॉयच्या वेशात, कमरेला दोन सहाबारी पिस्तुले लटकवून फिरे. अडचण एवढीच होती की ग्रेहॉकमध्ये बंदुकीच्या दारूला मनाई होती आणि ती मनाई खुद्द गायगॅक्सची होती. मित्राचे मन मोडायचे नाही म्हणून त्याने तोड काढली. मर्लिंडजवळ आहेत त्या जादूच्या कांड्या. त्या मोठा आवाज करतात आणि त्यांतून बारीक पण प्राणघातक गोळ्या सुटतात! १९७५ च्या जानेवारीत डॉन के वारला. त्याच वर्षी टीएसआरने 'बूट हिल' हा वाइल्ड वेस्टचा खेळ काढला आणि तो त्याच्या स्मृतीला अर्पण केला.

कल्पनारम्य रोलप्लेइंग खेळांतल्या बंदुकीची कुळकथा मी मर्लिंडपासून सांगतो, कारण पुढच्या पन्नास वर्षांतला सगळा घोळ त्या तडजोडीत आधीच दिसतो. बंदूक हवीही असते आणि तिची धास्तीही वाटते.

मूळ घराणे मात्र याहून जुने आहे. गायगॅक्स आणि जेफ पेरन यांनी १९७१ मध्ये 'चेनमेल' ही मध्ययुगीन लढायांची नियमावली लिहिली. शिशाचे सैनिक टेबलावर मांडून खेळायच्या त्या खेळात धनुर्धरांसोबत आर्केबसवालेही होते. आर्केबस म्हणजे सुरुवातीची ठासणीची बंदूक. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' याच नियमावलीच्या पोटी जन्मला, पण १९७४ च्या त्याच्या शस्त्रांच्या यादीत बंदूक नव्हती. 'ड्रॅगनच्या जगात बंदूक कालविसंगत वाटते' हे कारण तेव्हापासून आजवर सांगितले जाते, आणि ते इतिहासाला धरून नाही. युरोपात हातात धरून उडवायच्या नळ्या चौदाव्या शतकातच आल्या होत्या. नखशिखान्त पोलादी चिलखत तयार झाले ते पंधराव्या शतकात, आणि बारीक पात्याची रेपियर तलवार त्याच्याही नंतर. चिलखत आणि रेपियर यांना या खेळांत मानाचे पान मिळते आणि त्या दोहोंपेक्षा वयाने थोरली असलेली बंदूक मात्र उंबऱ्याबाहेर थांबते. बाजीप्रभूंची गोष्ट ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला तलवार आणि तोफ एकाच गोष्टीत नांदताना पाहून नवल वाटण्याचे कारण नाही.

खरे कारण गणिताचे आहे. या खेळात पात्राचा जीव 'हिट पॉइंट्स'मध्ये मोजतात. पहिल्या पायरीवरच्या योद्ध्याचे पाच-सहा असतात, नवव्या-दहाव्या पायरीवर पन्नासच्या आसपास जातात. तलवारीचा घाव आठ पैलूंच्या फाशाने मोजायचा, म्हणजे मुरलेला योद्धा असे दहाएक घाव सोसून उभा राहतो. प्रत्यक्षात तलवारीच्या एका घावातही माणूस मरतो, पण तिच्याबद्दल कुणाची तक्रार नसते. बंदुकीबद्दल मात्र खेळणारा हटून बसतो: गोळी लागली म्हणजे माणूस मेलाच पाहिजे. ही अपेक्षा मान्य केली तर हिट पॉइंट्सचा सगळा डोलारा कोसळतो. मान्य केली नाही तर बंदूक हातात असूनही नसल्यासारखी वाटते.

म्हणून प्रत्येक पिढीने तिला आत घेतले ते काही ना काही दंड लावून. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत आर्केबस यादीत आली, पण खेळवणाऱ्या डीएमने परवानगी दिली तरच. किंमत ५०० सुवर्णनाणी. लांब धनुष्य ७५ मध्ये मिळे. इजा दहा पैलूंच्या फाशाने, आणि दहा पडले की फासा पुन्हा टाकून बेरीज करायची. खेळणाऱ्यांच्या डोळ्यांत चमक यायची ती याच नियमाने. हिशेब केला तर सरासरी साडेपाचावरून जेमतेम सहाच्या थोडी वर जाते. त्यात बार तीन फेऱ्यांतून एकदाच. धनुर्धर तेवढ्यात सहा बाण सोडतो. वीस पैलूंच्या फाशावर एक किंवा दोन पडले की बार उलटून चालवणाऱ्यालाच इजा, म्हणजे दहातला एक बार अंगावर. असली बंदूक घेणारा हौसेखातरच घेई.

ब्रिटनमधल्या 'वॉरहॅमर' या खेळाला हा पेच पडला नाही. त्यातले 'एम्पायर' हे कल्पित राज्य सोळाव्या शतकातल्या जर्मन मुलखावर बेतलेले आहे, तिथे बंदूकधारी शिपाई पहिल्यापासूनच आहेत.

सगळ्यात बोधप्रद प्रयोग पैझो कंपनीच्या 'पाथफाइंडर'मध्ये झाला. २०११ मध्ये 'अल्टिमेट कॉम्बॅट' या पुस्तकात गनस्लिंगर, म्हणजे बंदूकबाज, हा नवा पेशा आला. पिस्तूल १००० नाण्यांचे, बार फसण्याचा धोका, ठासायला वेळ, हे सगळे दंड होतेच. त्या बदल्यात एक सवलत दिली: जवळच्या पल्ल्यात गोळी चिलखत मानत नाही. त्या नियमांत संरक्षणाचे दोन आकडे असत. एक पूर्ण, आणि दुसरा नुसता स्पर्श झाला तरी पुरेल अशा हल्ल्यांसाठीचा. प्राचीन लाल ड्रॅगनचे पूर्ण संरक्षण ३८. त्यातले ३३ त्याच्या खवल्यांचे. खवले वजा केले की उरतात ५. अख्खे राज्य जाळणाऱ्या त्या प्राण्याला तलवारबहाद्दराने घाम गाळून गाठायचे, आणि बंदूकबाजाचा नेम मात्र चुकता चुकत नाही. कागदी काडतुसे आणि झटपट ठासण्याचे कसब मिळाले की वेळेचा दंडही माफ होई आणि सहा सेकंदांच्या फेरीत ठासणीच्या पिस्तुलातून एकामागून एक बार निघत. पैशाचा दंड तर चार मोहिमांत फिटतोच.

ही सवलत मुळातच चुकीची होती. युरोपातले चिलखतकार चिलखत विकण्याआधी त्यावर गोळी झाडून पाहत आणि पडलेला पोचा खात्रीची खूण म्हणून तसाच ठेवत. चिलखत गोळी अडवत असे, निदान अडवावी म्हणून घडवले जात असे.

पैझोनेच पुढे हे दुरुस्त केले. २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत स्पर्शाचा आकडा काढून टाकला आणि २०२१ च्या 'गन्स अँड गिअर्स'मध्ये चकमकीच्या पिस्तुलाची इजा अवघ्या चार पैलूंच्या फाशावर आणली. नेम वर्मी बसला तर मात्र तोच फासा आठ पैलूंचा होतो, शिवाय आणखी एक मिळतो. एरवी साधी आणि क्वचित भयंकर अशी ही बंदूक मला आजवरच्या सगळ्या उपायांत अधिक पटते, कारण गोळीची भीती तिने राखली आणि ड्रॅगनचे खवलेही.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ने सरळ वाट धरली. २०१४ मध्ये पिस्तूल आणि मस्केट डीएमच्या पुस्तकातल्या ऐच्छिक नियमांत होती. २०२४ मध्ये ती खेळाडूंच्या मुख्य पुस्तकात, धनुष्याच्या शेजारी, नेहमीच्या तक्त्यात आली. मस्केटचा फासा बारा पैलूंचा, लांब धनुष्याचा आठ. धनुष्याचा साधा पल्ला १५० फूट, मस्केटचा ४०. बार उलटण्याचा नियम नाही, चिलखत भेदण्याची सवलतही नाही.

तुमच्या टेबलावर कुणी बंदूक मागितली तर खुशाल द्या. फक्त ठासायला लागणारा वेळ कुठल्या युक्तीने माफ होतो का ते आधी तपासा, आणि चिलखताला हात लावू नका.