मटका (गणित)

मटका : आकड्यांवर पैसे लावण्याचा बेकायदा जुगार. वऱ्हाडात ‘वरली’ म्हणूनही परिचित. पूर्वरूप न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील खुलत्या व बंद भावांवरचा सट्टा. तो थांबल्यावर १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळीत आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी स्वतंत्रपणे आकडा काढण्यास सुरुवात केली. आधी मडक्यातून चिठ्ठ्या काढत. पुढे पत्ते आले.

रचना : काढलेले तीन पत्ते चढत्या क्रमाने मांडतात, दश्शी शून्य धरून शेवटी. ही ‘पत्ती’. तिच्या बेरजेचा एकं स्थानचा अंक हा ‘ओपन’. ३५६ ची बेरीज १४, म्हणून ओपन ४. दुसऱ्या वेळी १२८ निघाल्यास बेरीज ११, ‘क्लोज’ १ आणि जोडी ४१.

मोजणी : आकडा खरोखर सोडतीने निघतो की लगवाडी (कोणत्या आकड्यावर किती पैसे लागले ते) पाहून ठरतो, याबद्दल मतभेद आहेत, येथे सोडत खरी धरली आहे. एकूण पत्त्या २२० : सिंगल (तिन्ही अंक वेगळे) १२०, डबल (दोन अंक सारखे) ९०, ट्रिपल (तिन्ही सारखे) १०. प्रत्येक अंकाच्या वाट्याला १२, ९ व १ अशा २२ येतात. चित्रे वगळून उरलेल्या ४० पत्त्यांतून तीन उचलण्याचे ९,८८० प्रकार होतात. त्यांपैकी प्रत्येक अंकाकडे नेमके ९८८, म्हणजे दहात एक. पत्त्यांची शक्यता मात्र असमान आहे : विशिष्ट सिंगल पत्ती सुमारे १५४ त एकदा, डबल ४१२ त, ट्रिपल २,४७० त.

रूढ दर एका आकड्याला नऊपट, जोडीला नव्वदपट. ठिकाणागणिक फरक पडतो. दोन्हींत रुपयामागे सरासरी दहा पैसे खायवालाकडे (पैजा घेणाऱ्याकडे) राहतात. ओपनची जिंकलेली सगळी रक्कम क्लोजवर फिरवल्यास ८१ पटच मिळते, त्यामुळे त्याच दोन आकड्यांची जोडी लावणे त्या मानाने बरे.

जुन्या निकालांचे ‘चार्ट’ पाहून ‘बरेच दिवस न आलेला’ आकडा लावण्याची रीत सर्वदूर आहे. ठरावीक आकडा सलग २० निकालांत न येण्याची शक्यता १२ टक्के असते. आकडे दहा, म्हणजे अशा कोणत्याही टप्प्यात सरासरी एकाहून थोडे अधिक आकडे गैरहजर असतातच. मागच्या गैरहजेरीने पुढची शक्यता वाढत नाही.

प्रसार : मुंबईत गिरणी कामगारांत मोठा होता.

कायदा : १८८७ च्या जुगार प्रतिबंधक अधिनियमाचे कलम १२ (अ) लावले जाते. निव्वळ कौशल्याच्या खेळांना कलम १३ ची सूट आहे, पण ती सोडतीवरच्या मटक्याला लागू होत नाही. उलट, घोड्यांच्या शर्यतीत कौशल्याचा भाग प्रधान असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये मान्य केले.