ट्रंकेतला इतिहास



इतिहास म्हटला की तुमच्या डोळ्यांपुढे राजे, लढाया आणि सनावळ्या उभ्या राहतात. वर्गात शिकवताना माझाही भर त्यांवरच असतो, हे मी कबूल करतो. परंतु इतिहासाचा फार मोठा भाग घराघरांतल्या ट्रंकांत पडून असतो. तो तेथे टिकला, तरच पुढे ग्रंथात येतो.

मुंबईचे तय्यबजी घराणे याचे उत्तम उदाहरण होय. १८७४ साली मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम स्थापन करणाऱ्यांपैकी एक आणि १८८७ च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष बद्रुद्दीन तय्यबजी यांचे नाव तुम्ही ऐकलेच असेल. १८८८ च्या आरंभी त्यांचा व सर सय्यद अहमद खान यांचा काँग्रेसविषयी पत्रव्यवहार झाला. भारतातील सर्व समाज मिळून एक राष्ट्र होते, ही कल्पनाच सर सय्यद यांना मान्य नव्हती. बद्रुद्दीन यांचे म्हणणे असे की, समाजाच्या हिताला बाधा येत असेल, तर ती काँग्रेसमध्ये राहूनच रोखावी. मतभेद मोठा, पण भाषा अदबीची! बद्रुद्दीन यांचे कागद दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. ते जपले नसते, तर या दोघांविषयी तिसऱ्याने सांगितलेलेच आपल्याला खरे मानावे लागले असते.

याच घराण्यात ‘अखबार की किताब’ नावाच्या वह्या ठेवण्याची पद्धत होती. घरातील पुरुष, बायका, मुले, कोणीही त्यांत लिहावे. लग्न, प्रवास, आजारपण, वाचलेले पुस्तक, सारे काही त्यांत येई. शंभर वर्षांपूर्वी मुंबईतील शिकलेल्या मुस्लिम मुली काय वाचीत, कशाला हसत, हे कोणत्या सरकारी दप्तरात सापडणार? ते या वह्यांत सापडते. याच गोतावळ्यातील अतिया फैजी १९०६ साली शिष्यवृत्ती मिळवून अध्यापनाचे शिक्षण घेण्यासाठी लंडनला गेल्या. तेथून त्यांनी बहिणीला पाठविलेल्या मजकुराचे १९२१ साली ‘जमाना-ए-तहसील’ हे उर्दू पुस्तक झाले.

कागदाइतकीच मोलाची असते तोंडी आठवण. आजीकडून ऐकलेल्या लाहोर सोडतानाच्या हकिकतींवरून गुनीता सिंग भल्ला यांना फाळणी पाहिलेल्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करण्याची प्रेरणा झाली. त्यांनी २०१० मध्ये सुरू केलेल्या संग्रहात दहा हजारांहून अधिक माणसांच्या हकिकती जमा झाल्या. त्या सांगणारे बहुतेक तुमच्याआमच्यासारखेच सामान्य लोक.

आता माझ्या घरची गोष्ट सांगतो. माझे आजोबा बोटीवर नोकरीला होते. त्यांनी आजीला पाठविलेली पत्रे एका डब्यात होती. एका वर्षी पावसाळ्यापूर्वीच्या साफसफाईत तो डबा आम्ही रद्दीत दिला. मी तेव्हा कॉलेजात इतिहासच शिकत होतो! ती पत्रे मोडीत होती की उर्दूत, हेसुद्धा आज घरात कोणाला सांगता येत नाही.

म्हणून तुम्हांला एवढीच विनंती आहे. घरातील जुनी पत्रे, निकाहनामे, पावत्या, शाळेचे दाखले कोरड्या जागी ठेवा. फाटलेल्या कागदाला चिकटपट्टी लावू नका. ती पुढे पिवळी पडून कागद खराब करते. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने नावे, गाव व साल लिहा. आणि मुलांनो, या सुट्टीत दादा-दादींजवळ बसा. त्यांची परवानगी घेऊन मोबाइलवर त्यांचे बोलणे टिपा. त्यांची शाळा कशी होती, ती का सुटली, घरात पहिले पुस्तक कोणी आणले, हे विचारा. आरंभी तारीख व नाव बोलायला विसरू नका.

कागद पुन्हा एखादे वेळी सापडेलही. पण म्हातारे माणूस गेले की त्याच्याबरोबर त्याच्या आठवणीही जातात. आपला इतिहास कोणी लिहीत नाही, अशी तक्रार आपण नेहमी करतो. पण लिहिणारा उद्या आपल्या दारी आलाच, तर त्याच्या हाती आपण काय ठेवणार आहोत?