कमरा, कॅमेरा आणि एक बारीक छिद्र

गेल्या महिन्यात आमच्या स्टाफरूममध्ये दोन प्रश्न एकदम निघाले. पहिला साधा होता. शाळेसाठी कॅमेरा घ्यायचा आहे, तर लेन्स बदलता येणारा सुरुवातीच्या किमतीतला मिररलेस घ्यावा, की शर्टाच्या खिशात मावणारा चपटा कॉम्पॅक्ट घ्यावा? दुसरा प्रश्न एका सहकारी सरांनी मोबाइल पुढे करून विचारला. व्हॉट्सॲपवर आलं होतं की कॅमेरा हा मुसलमानांचा शोध आहे, इब्न अल-हैसम यांनी तो लावला आणि ‘कॅमेरा’ हा शब्दसुद्धा अरबी ‘कुमरा’वरून आला. “हे मुलांना सांगायचं का?” असं त्यांनी विचारलं.

मी भाषेचा शिक्षक, त्यामुळे आधी दुसऱ्या प्रश्नाला हात घातला. तो सोडवता सोडवता पहिल्याचंही उत्तर सापडलं. ते इथे मांडतो.

शब्दापासून सुरुवात करू. ‘कॅमेरा’ हा लॅटिन शब्द. त्याच्या मागे ग्रीक ‘कमारा’ आहे. अर्थ कमानदार छताची जागा, खोली. हाच शब्द पोर्तुगीजमध्ये ‘कामरा’ झाला आणि पोर्तुगिजांबरोबर आपल्या किनाऱ्यावर उतरून हिंदी-उर्दूत ‘कमरा’ म्हणून रुळला. म्हणजे आपण उर्दूच्या तासाला ‘कमरा’ म्हणतो आणि लग्नात ‘कॅमेरा’ म्हणतो, ते एकाच शब्दाचे दोन अवतार आहेत. अरबी ‘कुमरा’शी त्याचं नातं जोडणारी गोष्ट ऐकायला गोड आहे, पण शब्दांच्या इतिहासात तिला आधार नाही. इब्न अल-हैसम यांनी आपल्या प्रयोगाच्या जागेला ‘अल-बैत अल-मुझलिम’, म्हणजे अंधारं घर म्हटलं. ‘कॅमेरा ऑब्स्क्युरा’, म्हणजे अंधारी खोली, हा लॅटिन शब्दप्रयोग केप्लरने १६०४ मध्ये केला, त्यांच्यानंतर जवळजवळ सहाशे वर्षांनी.

मग इब्न अल-हैसम यांचं खरं काम कोणतं? त्यांचा जन्म इसवी सन ९६५ च्या सुमारास बसऱ्यात झाला आणि १०४० च्या सुमारास ते कैरोत वारले. ‘किताब अल-मनाझिर’ हा सात भागांचा ग्रंथ त्यांनी प्रकाश आणि दृष्टी या विषयावर लिहिला. बारीक भोकातून प्रकाश आत आला की समोर उलटी आकृती पडते, हे त्यांच्या आधीही माहीत होतं. चीनमध्ये मो-त्झूच्या अनुयायांनी ते नोंदवलं होतं, ग्रीकांनीही नोंदवलं होतं. इब्न अल-हैसम यांनी ते प्रयोगाने तपासलं. अंधाऱ्या खोलीच्या भोकासमोर त्यांनी अनेक दिवे वेगवेगळ्या जागी ठेवले. आत भिंतीवर तेवढेच ठिपके पडले. एक दिवा झाकला की त्याचाच ठिपका गेला, बाकीचे तसेच राहिले. यावरून त्यांनी दाखवलं की प्रकाश सरळ रेषेत जातो आणि एकाच भोकातून जाताना किरण एकमेकांत मिसळत नाहीत.

त्यांचा आणखी एक लहान ग्रंथ सूर्यग्रहणाच्या आकृतीवर आहे. खंडग्रास ग्रहणात झाडाखाली जमिनीवर चंद्रकोरीसारखे कवडसे पडतात, ते आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असतील. सलात अल-कुसूफसाठी मशिदीत निघालेला माणूसही ते पाहतो आणि पुढे जातो. इब्न अल-हैसम थांबले. भोक बारीक असेल तर कोर दिसते आणि भोक मोठं केलं की ती नाहीशी होऊन गोल ठिपका उरतो, हे त्यांनी भूमितीने समजावलं. सूर्याचा प्रत्येक बिंदू भोकाच्या आकाराचा एक ठिपका टाकतो. भोक मोठं असेल तर हे ठिपके एकमेकांवर चढतात आणि आकृती पुसली जाते.

कॅमेऱ्याचं सगळं भांडण या एका वाक्यात आलं. भोक लहान तर चित्र स्पष्ट पण अंधुक, भोक मोठं तर उजेड भरपूर पण चित्र फिसकटलेलं. पुढे सोळाव्या शतकात इटलीत या भोकात भिंग बसवलं गेलं. भिंगामुळे भोक मोठं ठेवूनही चित्र स्पष्ट मिळू लागलं. पण एक गोष्ट भिंगालाही बदलता आली नाही. जेवढं भोक, तेवढाच उजेड आत येणार.

त्या उजेडाचं चित्र टिकवून ठेवायचं रसायन फ्रान्समध्ये सापडलं. १८३९ मध्ये दागेरची पद्धत जाहीर झाली. म्हणून मुलांना सांगायचं ते असं: कॅमेरा एका माणसाने, एका कौमने शोधला नाही. चीन, ग्रीस, बसरा, कैरो, इटली, फ्रान्स अशी ती साखळी आहे, आणि त्यात आपल्याकडची कडी खरोखर मजबूत आहे. तिला खोट्या ‘कुमरा’चं टेकू देण्याची गरज नाही. खोटं टेकू दिलं की उद्या कुणी ते काढून घेतो आणि मग खरी कडीही लोकांना संशयास्पद वाटते. टॉलेमीसारख्या मोठ्या नावावर शंका घेणारा स्वतंत्र ग्रंथ ज्यांनी लिहिला, त्या इब्न अल-हैसम यांच्या नावाने आपण न तपासलेलं पुढे ढकलावं, हे त्यांनाच आवडलं नसतं.

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ, लहान की मोठा.

मुहम्मद सादिक बे हे इजिप्तच्या सैन्यातले अभियंता आणि सर्वेक्षक. १८६१ मध्ये त्यांनी मदीना शरीफचे फोटो काढले. मदीनेचे ज्ञात असलेले हे पहिले फोटो. १८८० मध्ये हजच्या काफिल्याबरोबर जाऊन त्यांनी मक्केचेही काढले. त्या काळी काचेच्या पट्टीवर ओलं रसायन लावून, ते वाळण्याआधी फोटो काढून लगेच धुवावं लागे. म्हणजे जड लाकडी कॅमेरा, तिपाई, काचा, बाटल्या आणि जागेवर अंधाराची सोय, आणि हे सगळं हिजाझच्या उन्हात. आज उमऱ्याला निघालेल्या माणसाच्या खिशात जे असतं, त्यासाठी तेव्हा उंटावर बोजा चढवावा लागत होता.

आपल्याकडे लखनौचे दारोगा अब्बास अली हे नगरपालिकेत अभियंता होते. १८७४ मध्ये त्यांनी पन्नास छायाचित्रांचा ‘लखनौ अल्बम’ काढला. १८५७ नंतर जे शहर मोडलं, पाडलं गेलं, त्यातलं काय उरलं होतं ते आज आपण त्यांच्यामुळे पाहू शकतो. मुंबईत तर १८५४ मध्येच फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती आणि डॉ. भाऊ दाजी लाड तिचे सभासद होते.

तस्वीर जायज की नाजायज, हा वादही याच काळात उभा राहिला. इजिप्तचे मुफ्ती शेख मुहम्मद बखीत अल-मुतीई यांनी फोटोच्या बाजूने रिसाला लिहिला. त्यांचं म्हणणं असं की फोटोत माणूस आकृती घडवत नाही, असलेली सावली अडवून धरतो. उपखंडातल्या अनेक उलमांना हे पटलं नाही आणि त्यांनी पासपोर्टसारखी जरूरत सोडून मनाई कायम ठेवली. मी या वादात निकाल देणारा कोणी नाही. पण एवढं नोंदवतो की इमारत, शिलालेख, कागदपत्र यांच्या फोटोवर तो वाद मुळात नव्हताच. तरीही आपल्या अनेक गावांतल्या जुन्या मशिदी, कबरींवरचे कत्बे, जुने मदरसे यांचे फोटो कुणाच्या घरी सापडत नाहीत. ते मसल्यामुळे राहिले नाहीत, आपल्या आळसामुळे राहिले नाहीत.

जड कॅमेऱ्यापासून सुटका करणारं मोठं नाव म्हणजे जर्मनीतल्या वेट्झलरचे ऑस्कर बार्नाक. त्यांना दमा होता, जड साहित्य उचलवत नसे. सिनेमाची फिल्म आडवी वापरून, तिच्या दोन चौकटींची एक करून, त्यांनी २४ × ३६ मिलिमीटरची चौकट घेतली. त्यातून १९२५ मध्ये लायका बाजारात आला. निगेटिव्ह छोटी, चित्र मोठं, असा विचार होता. त्याहून पुढे गेले वॉल्टर झाप. १९३८ च्या सुमारास लात्वियातल्या रिगा शहरात त्यांचा मिनॉक्स तयार होऊ लागला. मुठीत लपणारा, पुढे हेरांमुळे प्रसिद्ध झालेला. त्याची चौकट फक्त ८ × ११ मिलिमीटर. आता गुणाकार करा. लायकाची चौकट ८६४ चौरस मिलिमीटर, मिनॉक्सची ८८. जवळजवळ दहा पटींचा फरक. मिनॉक्सचा फोटो मोठा केला की दाणे दिसत, ते याचमुळे.

मोठ्या कॅमेऱ्यांची दुसरी वाट आरशाची होती. भिंगातून येणारं चित्र आरशावरून डोळ्यापर्यंत पोचवायचं आणि बटण दाबलं की आरसा वर उचलायचा. १९५९ च्या निकॉन एफपासून ही रचना वृत्तपत्रांत आणि पुढे लग्नाच्या स्टुडिओत पक्की बसली. आरशाला जागा हवी, म्हणून भिंग फिल्मपासून साडेचार सेंटिमीटरच्या आसपास दूर ठेवावं लागे आणि कॅमेरा जाडजूड होई. डिजिटल काळात सेन्सरवरचं चित्र थेट पडद्यावर दिसू लागलं आणि आरशाचं काम संपलं. २००८ मध्ये पॅनासॉनिकचा जी१ आला, पुढच्या वर्षी ऑलिम्पसचा ई-पी१. भिंग दोन सेंटिमीटरवर आलं. यालाच आपण मिररलेस म्हणतो. गंमत अशी की बार्नाकच्या लायकातही आरसा नव्हता. नवं म्हणून जे विकलं जातं, त्यातलं निम्मं असं परत आलेलं असतं.

खिशातल्या वाटेवर २००२ मध्ये कॅसिओने ११.३ मिलिमीटर जाडीचा एक्झिलिम काढला. मग काही वर्षं चपट्या कॅमेऱ्यांची लाट आली. २०१० मध्ये जपानी कंपन्यांनी सगळे प्रकार मिळून १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे पाठवले, २०२० मध्ये १ कोटीहूनही कमी. मधल्या दहा वर्षांत फोनने चपटा कॅमेरा गिळला.

आता दोन्ही शेजारी ठेवू. चपट्या कॅमेऱ्यातला नेहमीचा सेन्सर सुमारे ६.२ × ४.६ मिलिमीटर, म्हणजे २८ चौरस मिलिमीटर. सुरुवातीच्या मिररलेसमध्ये बहुधा एपीएस-सी सेन्सर असतो, सुमारे २३.५ × १५.६, म्हणजे ३६६ चौरस मिलिमीटर. तेरा पट. मिनॉक्स आणि लायका यांच्यातलं अंतर नव्या कपड्यांत परत उभं आहे. पण विक्रेता तेरा पट सांगून थांबेल, आपण थांबू नये. मिररलेसबरोबर मिळणारी स्वस्त लेन्स एफ/३.५ ची असते, चपट्याची एफ/२.८ असू शकते. म्हणून इब्न अल-हैसम यांच्याकडे परत जाऊन भोकच मोजू. १८ मिलिमीटरच्या लेन्सला एफ/३.५ वर भोक पडतं साधारण ५ मिलिमीटरचं. तेवढंच रुंद दृश्य घेणाऱ्या चपट्याच्या साडेचार मिलिमीटरच्या लेन्सला एफ/२.८ वर १.६ मिलिमीटरचं. क्षेत्रफळाने फरक दहा पटींच्या आसपास. दुपारच्या उन्हात तो जाणवतही नाही. मशिदीच्या आतल्या भागात, संध्याकाळच्या स्नेहसंमेलनात, ट्यूबलाइटच्या वर्गात तो लगेच दिसतो.

चपट्याच्या बाजूनेही बोललं पाहिजे. लहान सेन्सरमुळे जवळपासून लांबपर्यंत सगळं स्पष्ट येतं. वही, रजिस्टर, जुना कागद टिपताना पानाचे कोपरे पुसट होत नाहीत. तो सोबत नेला जातो, आणि कपाटातल्या चांगल्या कॅमेऱ्यापेक्षा खिशातला साधा कॅमेरा जास्त फोटो काढतो. ज्याच्याकडे फोन नाही किंवा शाळेत फोन चालत नाही, त्याच्यासाठी आजही तो योग्य आहे.

पण आमच्या शाळेत प्रत्येक शिक्षकाच्या खिशात फोन आहेच. त्याचं भोक आणि सेन्सर चपट्या कॅमेऱ्याच्याच घरातले आहेत. जे आधीच खिशात आहे, त्याच्यावर पुन्हा पैसे का घालायचे? म्हणून मी मिररलेसच्या बाजूने मत दिलं. त्याबरोबर एक ट्रायपॉड घ्या, असंही सांगितलं. ट्रायपॉडवर कॅमेरा हलत नाही, भोक जास्त वेळ उघडं ठेवता येतं, आणि स्थिर वस्तूच्या बाबतीत लहान भोकाची कसर वेळ भरून काढतो.

माझ्या डोळ्यासमोर स्नेहसंमेलन कमी आणि शाळेच्या जुन्या लोखंडी कपाटातली नस्तालिक हस्ताक्षरातली रजिस्टरं जास्त होती. काहींची पानं बोट लावलं की तुटतात. गावाच्या कब्रस्तानात असे कत्बे आहेत की दर पावसाळ्यात त्यांचं एखादं अक्षर कमी होतं. कुणाच्या घरात वक्फनाम्याची एकुलती प्रत ट्रंकेत पडून आहे, आणि कोर्टात प्रसंग आला की तिचाच शोध सुरू होतो.

खरेदीला मंजुरी मिळायला वेळ लागेल. तोपर्यंत थांबू नका. दिवसा, खिडकीजवळ, कागद सपाट ठेवून, फोन कशावर तरी टेकवून फोटो काढा. तारीख आणि जागा लिहून ठेवा, एक प्रत दुसऱ्याच्या घरी ठेवा. खिडकीचा उजेड फुकट आहे आणि आपल्या सगळ्या भोकांपेक्षा मोठा आहे.