जीवजात : बैहर परिसर

एखाद्या प्रदेशात एका काळी नांदणाऱ्या सर्व सजीवांचा समुच्चय म्हणजे तेथील जीवजात. वनस्पतिजात, प्राणिजात, कवके व सूक्ष्मजीव असे सारे तिच्यात मोडतात. माती, पाणी, हवामान हे अजैविक घटक आणि जीवजात यांच्या देवघेवीतून परिसंस्था उभी राहते. एखादी जाती राहते तो तिचा अधिवास. ती तेथे काय खाते, कोणाच्या तोंडी पडते व पिले कोठे वाढवते, यांवरून तिचे पारिस्थितिक स्थान ठरते. व्यवहारात जीवजात म्हणजे वाघ-हरणांची यादी, असा समज रूढ आहे. बैहरबाबत तर तो फारच रूढ आहे.

स्थान : बैहर हे मध्य प्रदेशाच्या बालाघाट जिल्ह्यातील तहसिलीचे ठिकाण मैकल रांगेच्या पठारी भागात आहे. कान्हा राष्ट्रीय उद्यानाचे मुक्की प्रवेशद्वार याच बाजूला येते. या भागातील बंजर नदी उत्तरेस जाऊन मंडल्याजवळ नर्मदेला मिळते. जिल्ह्याचा सखल दक्षिण भाग वैनगंगेच्या खोऱ्यात आहे.

वनस्पतिजात : मुख्य वृक्ष साल, स्थानिक बोलीत सरई. त्याच्या जोडीला ऐन (येथे साजा, गोंडांच्या श्रद्धेनुसार बडादेवाचे स्थान), मोह, तेंदू व बांबू. डोंगरमाथ्यावरील सपाट गवताळ पठारांना ‘दादर’ म्हणतात. हिवाळ्यात खोलगट भागांत दहिवर गोठते आणि त्याने रोपे करपतात. दऱ्यांतील कुरणे उघडी राहण्याचे हे एक कारण मानले जाते.

सालावर भुंगेऱ्याची साथ अधूनमधून येते. १९९७-९८ मधील साथ विशेष मोठी होती. पावसाळ्याच्या आरंभी प्रौढ भुंगेरे बाहेर पडतात, तेव्हा त्यांना पकडण्यासाठी सालाचे ताजे ओंडके ठेचून रानात ठेवतात. पाझरणाऱ्या रसाच्या वासाने भुंगेरे तेथे जमतात. ग्रामस्थ ते वेचत आणि मुंडकी मोजून त्यांना मजुरी मिळे. बाधित झाडे किती तोडावीत, यावर त्या मोठ्या साथीच्या वेळी बराच वाद झाला.

कवके : पावसाळ्यात वारुळांवर उगवणारी ‘पिहरी’ ही अळंबी आवडीने खाल्ली जाते.

प्राणिजात : वाघ, बिबट्या, रानकुत्रा, अस्वल, गवा, सांबर, चितळ. तथापि शास्त्रीय महत्त्व सर्वाधिक आहे ते बारशिंग्याचे. त्याच्या तीन उपजातींपैकी कठीण जमिनीवर राहणारी येथील ही एकच. इतर दोघींचे खूर दलदलीसाठी पसरट, हिचे घट्ट व आवळलेले. ब्रिटिश वनाधिकारी डनबार ब्रँडर याच्या नावावरून प्राणिशास्त्रज्ञ पोकॉकने १९४३ मध्ये तिचे नामकरण केले. मध्य भारतात नराला ‘गोइंजक’ व मादीला ‘गाओनी’ म्हणत, अशी नोंद आहे. माजावर आलेला नर शिंगांनी गवत उपटतो आणि त्याच्या झुबक्यांसह मिरवतो. आहार जवळजवळ केवळ गवताचा. पाडसे दडतात तीही उंच गवतातच. त्यामुळे गुरांची चराई व कुरणांतील वणवे यांचा फटका या जनावराला चितळापेक्षा अधिक बसला. १९७० मध्ये कान्ह्यात अवघे ६६ बारशिंगे उरले होते. जॉर्ज शेलर (१९६३-६५) व क्लॉड मार्टिन (१९७१-७३) या जीवशास्त्रज्ञांनी येथे अभ्यास केला. पुढे शिकारी जनावरांपासून सुरक्षित कुंपण, आगीवर नियंत्रण आणि गावांचे स्थलांतर हे उपाय झाले. १९६९ मध्ये उठवलेल्या सोंफ गावाच्या शेतजमिनीवर आज त्यांचे एक प्रमुख कुरण आहे. २०१५ पासून काही जनावरे सातपुडा व्याघ्रप्रकल्पात नेण्यात आली.

पक्षी : मोर, धनेश, गिधाडे, सालवनाच्या साथीने आढळणारा लाल रानकोंबडा.

मानव व जीवजात : बैगा व गोंड हे येथील प्रमुख समाज. बैगांची ‘बेवर’ शेती नांगराविना होई : झाडोरा तोडून जाळायचा, राखेत कोदो-कुटकी पेरायची, काही वर्षांनी जागा बदलायची. एकोणिसाव्या शतकातील वननियमांनी तिला आळा घातला. मानवशास्त्रज्ञ व्हेरियर एल्विनच्या ‘द बैगा’ (१९३९) या ग्रंथात तिचे विस्तृत वर्णन आहे. बेवरीने जंगलाची हानी झाली की विविधता वाढली, यावर एकमत नाही. गावे उठवण्याच्या न्याय्यतेवरही नाही. आजची बरीच कुरणे जुन्या शेतांची व गावठाणांची आहेत, एवढे मात्र निर्विवाद.