व्हील अलाइनमेंट : सस्पेन्शन खाली घेतलेल्या मोटारीचे

मोटारीच्या स्प्रिंग बदलून किंवा उंची कमीजास्त करता येणारे कॉइलओव्हर बसवून गाडी मूळ उंचीपेक्षा खाली आणली की चाकांचे जमिनीशी आणि एकमेकांशी असलेले कोन बदलतात. हे कोन नव्या उंचीला अनुसरून पुन्हा बसवणे म्हणजे खाली घेतलेल्या गाडीचे अलाइनमेंट. नेहमीच्या अलाइनमेंटमध्ये कंपनीने दिलेल्या आकड्यांवर कोन आणून ठेवले की काम संपते. ते आकडे मूळ उंचीसाठी असतात. उंची बदललेल्या गाडीत म्हणून आधी उंची पक्की करावी लागते, कोन नंतर. हा क्रम चुकला तर सर्वांत महागडे यंत्रही उपयोगी पडत नाही. अमरावती, अकोला आणि एकूणच वऱ्हाडात काळ्या जमिनीवरचे रस्ते, कडक उन्हाळा आणि गावोगावचे गतिरोधक यांमुळे या कामात काही खास पथ्ये पाळावी लागतात.

मुख्य कोन

गाडी समोरून पाहताना चाक उभ्या रेषेपासून जितके कलते तो कॅम्बर. चाकाचा माथा आत झुकला तर कॅम्बर ऋण, बाहेर झुकला तर धन. बाजूने पाहताना स्टिअरिंगचा अक्ष जितका मागे कलतो तो कास्टर. वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येते ते मुख्यतः कास्टरमुळे. वरून पाहताना दोन चाकांची पुढची तोंडे आत वळलेली असतील तर टो-इन आणि बाहेर वळलेली असतील तर टो-आउट; सरळ उभ्या माणसाच्या पावलांची टोके आत किंवा बाहेर वळावीत तसे. मागच्या चाकांचा एकत्रित रोख गाडीच्या मध्यरेषेशी जो कोन करतो त्याला थ्रस्ट अँगल म्हणतात.

टो अंशांत किंवा मिलिमीटरमध्ये सांगतात. १५ इंची रिमवर १ मिमी फरक म्हणजे सुमारे ९ मिनिटांचा कोन (१ अंश म्हणजे ६० मिनिटे). आकडा छोटा वाटतो, परिणाम मोठा असतो. एका चाकाचा टो पाव अंशाने चुकला तर भूमितीच्या हिशेबाने दर किलोमीटरला सुमारे ४.४ मी. इतकी आडवी ओढ टायरवर पडते. अमरावती ते अकोला हे अंतर सुमारे ९५ किमी धरले तर एका फेरीत ही ओढ ४०० मीटरच्या पुढे जाते. गाडी खाली घेतल्यावर टायर खाल्ला गेला की बहुतेक जण कॅम्बरला दोष देतात. लवकर टायर खाणारा कोन खरे तर टो असतो.

उंची कमी झाल्यावर काय घडते

भारतातील बहुतेक छोट्या मोटारींत पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याच्या नावाने ओळखली जाणारी ही रचना १९५० साली ब्रिटिश फोर्डच्या कॉन्सल व झेफर या गाड्यांतून पुढे आली. स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर (गॅरेजच्या बोलीत शॉकअप) एकाच उभ्या खांबात असतात आणि खाली लोअर आर्म चाकाला धरून ठेवतो. मूळ उंचीला हा आर्म साधारणपणे बॉल जॉइंटकडे किंचित उतरता असतो. गाडी खाली आली की तो आडवा होत जातो, बॉल जॉइंट बाहेर सरकतो आणि कॅम्बर ऋण बाजूला जातो. ३० मिमी उंची कमी केल्यास मॉडेलनुसार साधारण अर्धा ते एक अंश फरक पडतो.

आर्म आडव्या रेषेच्याही वर गेला तर उलटा परिणाम सुरू होतो. वळणावर गाडी कलताना बाहेरच्या चाकाला ऋण कॅम्बर मिळायला हवा. तो मिळण्याऐवजी कमी होतो. रोल सेंटर, म्हणजे बॉडी ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू, गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली जातो. त्यामुळे कडक स्प्रिंग असूनही गाडी वळणावर अपेक्षेपेक्षा जास्त कलते. परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढणाऱ्या घाटात हा दोष चटकन जाणवतो.

स्टिअरिंग रॅकला चाकाशी जोडणारा टाय रॉड आणि लोअर आर्म चाकाबरोबर वरखाली होताना आपापल्या वर्तुळात फिरतात. मूळ उंचीला ही वर्तुळे जुळवलेली असतात. उंची बदलली की जुळणी ढळते आणि खड्ड्यातून जाताना स्टिअरिंग न हलवताही चाके आतबाहेर वळतात. याला बम्प स्टिअर म्हणतात. उभ्या गाडीचा टोही यातूनच बदलतो. तो आत जाईल की बाहेर हे स्टिअरिंग रॅक चाकाच्या मध्याच्या पुढे आहे की मागे, आणि टाय रॉड किती उंचीवर आहे, यावर ठरते. म्हणून एका मॉडेलचा अनुभव दुसऱ्याला लावू नये.

पुढची आणि मागची बाजू सारखी खाली आली नाही तर कास्टर बदलतो. २,४५० मिमी व्हीलबेसच्या गाडीचे नाक मागच्यापेक्षा २५ मिमी जास्त बसले तर बॉडी सुमारे ०.६ अंश पुढे झुकते आणि कास्टर तेवढाच घटतो. महामार्गावर स्टिअरिंग हलके आणि अस्थिर वाटू लागते. अनेक छोट्या गाड्यांत कास्टर बदलण्याची सोयच नसते. पुढची-मागची उंची योग्य ठेवणे हाच तिथे उपाय उरतो.

मागचा आख

बहुतेक हॅचबॅक गाड्यांत मागे टॉर्शन बीम असतो. सरळ खाली घेतल्याने त्याचे कोन फारसे बदलत नाहीत. मोजणीत ते चुकलेले दिसले तर बीम किंवा स्टब ॲक्सल वाकल्याचा संशय घ्यावा. थोडा फरक स्टब ॲक्सलमागे शिम घालून काढता येतो. वाकलेला बीम बदलणेच योग्य. पॅनहार्ड रॉड असलेल्या अखंड आखाच्या गाडीत उंची कमी होताच आख किंचित एका बाजूला सरकतो. स्वतंत्र मागचे सस्पेन्शन असेल तर कॅम्बर आणि टो दोन्ही बदलतात आणि ते बसवण्यासाठी सहसा उत्केंद्री (एक्सेंट्रिक) बोल्ट दिलेले असतात.

वऱ्हाडातील परिस्थिती

पूर्णा नदीच्या खोऱ्यातील काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर बांधलेल्या रस्त्यांच्या कडा खचतात, पृष्ठभाग लाटांसारखा होतो. गाडी खाली घेतल्यावर सस्पेन्शनची चाल आधीच कमी झालेली असते. अशा रस्त्यावर शॉकअप वारंवार बम्प स्टॉपवर (चाल संपते तिथल्या रबरी अटकावावर) आपटतो आणि धक्का थेट लोअर आर्म, टाय रॉड एंड आणि रिमवर जातो. राष्ट्रीय महामार्ग ५३ वर मात्र वेगळे चित्र आहे. याच महामार्गाच्या अमरावती-अकोला टप्प्यात लोणी ते माना यांदरम्यान जून २०२२ मध्ये ७५ किमी लांबीची सलग डांबरी काँक्रीटची मार्गिका १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज विक्रम झाला. एकाच गाडीला महामार्गाचा वेग आणि तालुक्याच्या रस्त्यावरचे खड्डे दोन्ही सोसावे लागतात. उंची ठरवताना दोन्हींचा विचार हवा.

गतिरोधकांचेही तसेच. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधक ३.७ मी. रुंद आणि १० सेंमी उंच, १७ मी. त्रिज्येच्या गोलाईचा असावा. अशा गतिरोधकावर २,४५० मिमी व्हीलबेसच्या गाडीच्या पोटाखाली मध्यभागी गोलाई चाकांच्या रेषेच्या वर सुमारे ४४ मिमीच येते. मूळचा १६५ मिमी ग्राउंड क्लिअरन्स ४० मिमीने घटवला तरी गाडी टेकू नये. गावाच्या वेशीवर ढीग घालून केलेला अरुंद उंचवटा मात्र दोन चाकांच्या मध्ये पूर्ण उंचीने उभा राहतो आणि तिथे ऑइल चेंबर लागतो. ज्याला रोज अशा रस्त्याने जायचे आहे त्याने २५ ते ३० मिमीपेक्षा जास्त उंची कमी करू नये.

आधीची तपासणी

ढिल्या भागांवर अलाइनमेंट टिकत नाही. बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, लोअर आर्मचे बुश, स्ट्रटचे वरचे माउंटिंग, व्हील बेअरिंग आणि रिमचा वाक आधी तपासावा. नव्या स्प्रिंग काहीशे किलोमीटर चालवून बसू द्याव्यात. टायरची हवा सकाळी, गाडी थंड असताना भरावी; हवेचे तापमान १० अंश सेल्सिअसने चढले की दाब सुमारे दीड पीएसआयने वाढतो, आणि वऱ्हाडातील मे महिन्यात पहाट व दुपार यांत याहून जास्त अंतर असते.

उंची जमिनीपासून मोजू नये, कारण टायरमधील हवा त्यात ढवळाढवळ करते. चाकाच्या केंद्रापासून फेंडरच्या कडेपर्यंत चारही ठिकाणी मोजावे. डाव्या-उजव्या बाजूंत ५ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर आधी तो काढावा. गाडीत नेहमी चार माणसे आणि सामान असेल तर तेवढे वजन ठेवूनच मोजणी करावी.

एक काम हमखास राहून जाते. स्प्रिंग बसवताना गाडी जॅकवर असते, चाके लोंबत असतात आणि त्याच अवस्थेत लोअर आर्मचे आतले बोल्ट आवळले जातात. गाडी खाली उतरली की रबरी बुशला कायमचा पीळ बसतो. तो लवकर फाटतो आणि गाडीही नीट बसत नाही. हे बोल्ट सैल करून, गाडी चाकांवर उभी करून, दोनदा दाबून सोडावी आणि मग आवळावे.

कापलेल्या स्प्रिंगवर अलाइनमेंट करू नये. कापलेले टोक बैठकीत नीट बसत नाही, चाक लोंबले की स्प्रिंग जागेवरून सुटू शकते आणि गॅसने कापलेल्या ठिकाणी पोलादाचा कस जातो.

समायोजनाचा क्रम

गाडी समतल रॅम्पवर, पुढची चाके फिरत्या तबकड्यांवर घ्यावी. रिमच्या वाकाची भरपाई यंत्राला करू द्यावी. क्रम असा : मागचा कॅम्बर, मागचा टो, पुढचा कास्टर, पुढचा कॅम्बर आणि सर्वांत शेवटी पुढचा टो. आधीचा प्रत्येक कोन टो बदलतो, म्हणून टो शेवटी. मागच्या चाकांचा रोख आधी ठरला नाही तर पुढचा टो बरोबर येऊनही स्टिअरिंग वाकडे राहते.

पुढचा कॅम्बर बदलण्यासाठी तीन मार्ग आहेत : स्ट्रट आणि नकल जोडणारा उत्केंद्री बोल्ट, स्ट्रटच्या माथ्यावरची सरकती कॅम्बर प्लेट, किंवा समायोज्य लोअर आर्म. स्ट्रटची भोके कानशीने लांबवणे टाळावे. बोल्ट सरकला तर चाक एका धक्क्यात कलते. रोजच्या वापरासाठी पुढे उणे १ ते उणे १.५ अंश कॅम्बर चालतो. डाव्या-उजव्यातील फरक अर्ध्या अंशात ठेवावा. ज्या बाजूचा कॅम्बर जास्त धन किंवा कास्टर कमी, त्या बाजूला गाडी ओढते. रस्त्याच्या उतारामुळे डावीकडे होणारी थोडी ओढ मात्र दोष समजू नये.

टो बसवताना स्टिअरिंग सरळ करून कुलूपबंद करावे. टाय रॉडचा चेक नट सैल करण्याआधी रॅकच्या रबरी बुटाची पट्टी ढिली करावी, नाहीतर बूट पिळून फाटतो आणि धूळ रॅकमध्ये जाते. दोन्ही रॉड सारखेच फिरवावे. दीड मिलिमीटर पिचचा आटा आणि १२५ मिमीचा स्टिअरिंग आर्म धरला तर एका पूर्ण फेऱ्यात चाक सुमारे ०.७ अंश वळते. म्हणून शेवटची जुळणी फेऱ्याच्या आठव्या हिश्शाने करावी. टो शून्य किंवा किंचित आत ठेवावा. चेक नट आवळल्यावर पुन्हा मोजावे, कारण आवळताना रॉड थोडा फिरतो. ज्या गाडीत इलेक्ट्रॉनिक स्थिरता नियंत्रण आहे तिच्या स्टिअरिंग सेन्सरचा शून्यबिंदू नव्याने नोंदवावा. हेडलाइटची उंचीही तपासावी.

टायरवरच्या खुणा

ऋण कॅम्बरमुळे टायरची आतली कड सरळ, गुळगुळीत झिजते. टोची झीज हाताला कळते. तळहात टायरच्या आतून बाहेर फिरवताना कडा टोचल्या आणि उलट दिशेने गुळगुळीत लागल्या तर टो-इन जास्त. याच्या उलट जाणवले तर टो-आउट. ऋण कॅम्बर आणि टो-आउट एकत्र आले तर आतली कड तारेपर्यंत जाते आणि बाहेरून टायर नवा दिसत राहतो. उन्हाळ्यात महामार्गावर असा टायर फुटणे जिवावर बेतू शकते. त्यामुळे खाली घेतलेल्या गाडीत स्टिअरिंग पूर्ण वळवून टायरची आतली बाजू दर महिन्याला पाहावी.

कायदा

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलांशी विसंगत ठरतील असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या कलमाचा असाच अर्थ लावला. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रु. दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही होऊ शकतात. गाडी अमरावतीची (एमएच-२७) असो वा अकोल्याची (एमएच-३०), काम हाती घेण्याआधी परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीकडे विचारून घ्यावे.

पुनर्तपासणी

पहिल्या ५०० ते १,००० किलोमीटरनंतर, प्रत्येक पावसाळ्याच्या शेवटी आणि मोठा खड्डा लागल्यावर अलाइनमेंट तपासावे. यंत्राच्या छापील कागदावर त्या दिवशीची चारही चाकांची उंची लिहून ठेवावी; उंची न लिहिलेल्या आकड्यांची पुढच्या मोजणीशी तुलना होत नाही. कॅम्बर दोन अंशांच्या आत येत नसेल, लोअर आर्म आडव्या रेषेच्या वर गेला असेल किंवा शॉकअपला निम्मीही चाल उरली नसेल, तर गाडी पुन्हा वर घ्यावी. कोनांची ओढाताण करून उंचीतली चूक झाकली की तिची किंमत टायर, बुश आणि शेवटी आत बसलेली माणसे मोजतात.