मॅडम सी. जे. वॉकर : धुणे धुणारी ते उद्योजिका

राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ मध्ये कोल्हापूर संस्थानात मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या, त्या काळी अमेरिकेतील सेंट लुईस शहरात सारा ब्रीडलव्ह ही कृष्णवर्णीय स्त्री लोकांचे कपडे धुऊन मुलीला शिकवीत होती. गुलामीतून मुक्त झालेल्या दांपत्याच्या पोटी १८६७ मध्ये त्यांचा जन्म झाला. सातव्या वर्षी पोरकेपण, चौदाव्या वर्षी विवाह, विसाव्या वर्षी वैधव्य!

स्वतःचे केस गळू लागल्याने त्या केशौषधांकडे वळल्या. १९०६ मध्ये चार्ल्स जोसेफ वॉकर यांच्याशी विवाह झाल्यानंतर ‘मॅडम सी. जे. वॉकर’ हे नाव व्यवसायाला लाभले. इंडियानापोलिसमध्ये कारखाना उभा राहिला, हजारो कृष्णवर्णीय स्त्रिया विक्रेत्या झाल्या. झुंडबळींविरोधी चळवळीला त्यांनी ५००० डॉलर देऊ केले.

२५ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील वुडलॉन दफनभूमीत त्यांचे थडगे आहे. १९३१ मध्ये मुलगी अलेलिया हिलाही तेथेच आईशेजारी चिरविश्रांती मिळाली.